एकशे पंचेचाळीस की एकशे पंचावन्न

गाडीचे टायर बदलायचे असतील तर गुपचूप बदलावेत. दारात बसून टायरला बोटाने टोचत राहू नये. मी टोचत बसलो, आणि हातातला चहा गार व्हायच्या आत गल्लीतली दोन माणसं माझ्या शेजारी उकिडवी बसून त्याच टायरला टोचू लागली.

त्यातले एक धम्मपाल गुरुजी. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले. दुसरे गणू शेलार. हे एसटीत कंडक्टर होते. आयुष्यात यांनी कधी बस चालवली नाही, पण इतकी वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभं राहिल्यामुळे वाहनांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, असं त्यांना वाटतं.

"चंदूभाऊ," गणू शेलार म्हणाले, "हा टायर नाय. ही जुनी चप्पल हाय."

ते खरंच होतं. माझी बायको प्रयाग गेल्यापासून गाडी दारातच उभी होती. गाडी तिची. ती अंगणवाडीची सुपरवायझर होती, गावोगाव स्वतः चालवत जायची. मी डाव्या सीटवर बसायचो, मांडीवर पिशवी नाहीतर नारळ घेऊन. ती गेली आणि मी साठी उलटल्यावर लायसन्स काढलं. त्याची कथा वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही, कारण तिच्यात एक म्हैस आहे. लायसन्स आलं तरी गाडी बाहेर काढायचा धीर होत नव्हता. सगळा पावसाळा आणि हिवाळा ती एका जागी उभी राहिली. टायर खालून चपटे झाले, कडेला भेगा पडल्या.

पण आता शिमगा जवळ आला होता, आणि मला उंबरखोंड्याला जायचं होतं.

उंबरखोंडा म्हणजे माझी सासुरवाडी. पोलादपूरहून वर, डोंगरात. तिथे माझ्या सासूबाई राहीबाई एकट्या राहतात. मेहुणा हैबती मुंबईला असतो. दर शिमग्याला देवीची पालखी घरी येऊन गेली की प्रयाग आईला गाडीत घालून महाडला आणायची, आणि पाऊस सुरू होईपर्यंत सासूबाई आमच्याकडे राहायच्या. मी कधी शिमग्याला गेलो नाही. पंचायत समितीत कारकून होतो, आणि सरकारी कचेरीत मार्च महिन्यात माणूस मेला तरी एप्रिलमध्ये मरतो. माझी आणि त्यांची गाठ थेट आमच्या ओट्यावर पडायची, निवृत्तीनंतरही ही रीत बदलली नाही.

या वर्षी मी फोन करून म्हटलं, "मी येतो न्यायला."

पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "जावयबापू, लेक होती तोवर लेकीचं घर. आता मी येऊन काय करू? तुमालाच तरास."

"त्रास कसला?"

"आनि गुडघं चालत नायत. हैबती म्हनतो, खुर्चीत बसवून चौघं खांद्यावरून खाली नेतो. मी म्हनलं, खांद्यावरून एकदाच जायाचं असतंय, त्याला वेळ हाय." परत कोंबड्या. "गाडी दारात आली तर येईन. नाय आली तर नाय."

मला समजलं. या वर्षी आल्या तर पुढेही येतील. या वर्षी नाही आल्या, तर ते घर आणि हे घर यांचा संबंध हळूहळू दिवाळीच्या फोनपुरता राहील. कोणाची चूक नसते, असंच होत जातं. मला ते व्हायला नको होतं. मला अजून दोन कप चहा टाकायची सवय आहे. दुसरा कप रोज धम्मपाल गुरुजी पितात, पण ते साखर जास्त घेतात.

तर टायर.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि टायरच्या कडेचे आकडे वाचले. "एकशे पंचावन्न, ऐंशी, तेरा." मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेली पट्टी वाचली. "एकशे पंचेचाळीस, ऐंशी, तेरा."

तिघांनीही पुन्हा वाकून टायर पाहिला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे टायर एक सांगतोय आणि दार दुसरं सांगतंय," गुरुजी म्हणाले. त्यांनी जमिनीवर खडूने गणित मांडलं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची. तेरा म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचे इंच. सगळं गुणून, वजा करून त्यांनी जाहीर केलं की मोठ्या टायरवर गाडी जमिनीपासून आठ मिलिमीटर जास्त उंच राहते.

"आठ मिलिमीटर म्हणजे केवढं?"

गुरुजींनी करंगळीचं नख दाखवलं.

"एवढ्यासाठी कोण टायर बदलतं?" मी म्हटलं. "गॅरेजवाल्याने प्रयागला फसवलं असणार."

"फसवलं नाय," गणू शेलार म्हणाले. "जो टायर होता तोच टाका. गाडीला सवय झालेली असते. आमच्या डेपोत एका गाडीचे टायर बदलले तर ती पुण्याला जायचीच बंद झाली."

"एसटी?"

"एसटी. बोरघाटात उभी राहायची. सवयीचा प्रश्न."

याच सुमाराला चवदार तळ्यावरचा मार्चचा कार्यक्रम होता. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि गुरुजींकडे मराठवाड्यातून पाहुणे येतात. दरवर्षी तीच मंडळी. त्यांनी येता-जाता टायरला टोचलं, गणिताच्या खडूवरून चालत गेली, आणि मतं देऊन गेली. लातूरच्या एका पाहुण्यांचा ट्रॅक्टर होता. त्यांचं म्हणणं, पुढचे लहान आणि मागचे मोठे टाका, ट्रॅक्टरला तसेच असतात. मुलगी अपेक्षा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला जाताय? मी सुट्टी काढते, आजीला मी आणते." मी म्हटलं, "सासूबाईंनी मला अट घातलीय, तुला नाही." मग तिने टायरच्या इतक्या लिंक पाठवल्या की माझा फोन बंद पडला. तेवढ्यापुरती एक बाजू तरी गप्प झाली.

शेवटी निर्णय मीच घेतला. आयुष्यभर मी सरकारी कागद पाहिले. छापलेलं आणि प्रत्यक्षातलं यांत फरक पडला, तर छापलेलं खरं धरायचं आणि प्रत्यक्षाकडून खुलासा मागवायचा, हे माझ्या हाडात आहे. दाराची पट्टी कंपनीने छापलेली होती. टायर रस्त्यावरचा. एकशे पंचेचाळीस, ठरलं.

चारही टायरांत हवा भरून घेतली आणि जीव मुठीत धरून हायवेलगतच्या किशोरच्या दुकानात गाडी नेली. गुरुजी घरी पाहुण्यांपाशी थांबले. माझ्या घराची दुसरी चावी त्यांच्याकडे असते.

किशोर आदराने बोलतो आणि त्याच आदराने माल गळ्यात घालतो. "काका, एकशे पंचावन्न घ्या. टायरमागे साडेतीनशे जास्त, पण गाडीला शोभा येते."

"शोभा नको. कंपनीने सांगितलेलं दे."

"मग नायट्रोजन तरी भरू? टायर थंड राहतो."

मी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "साध्या हवेत चारपैकी तीन हिश्शांहून जास्त नायट्रोजनच असतो. त्याला सांगा, फुकटची हवा भर, तिच्यात तोच माल आहे." मी तसं सांगितलं. किशोर हसला, पण मनापासून नाही.

टायर बसले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. पैसे दिले. मग किशोर म्हणाला, "वॉरंटी नोंदवतो." त्याने फोनवर गाडीचा नंबर टाकला. "काका, ओटीपी सांगा."

"माझ्या फोनवर नाही आला."

"गाडी प्रयागबाई यांच्या नावावर आहे. त्यांच्या फोनवर गेला असेल. त्यांना विचारा ना."

"ती नाही आता," मी म्हटलं.

किशोरचा चेहरा पडला. "सॉरी काका. मग ते सिमकार्ड..."

"चालू आहे. मी रिचार्ज करतो."

हे सांगताना मला उगाच लाजल्यासारखं झालं. प्रयागचा फोन मी कपाटात चार्जिंगला ठेवतो. त्यावर तिच्या माहेरच्या बायकांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं येतात, बँकेची कर्जं येतात. फोन वाजला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं, एवढंच. अपेक्षाला हे माहीत नाही, माहीत झाल्यास ती पुण्याहून धावत येईल.

गुरुजींना पुन्हा फोन केला. ते पाहुण्यांना सोडून आमच्या घरात गेले, कपाट उघडलं, फोन हातात घेतला. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. किशोरने दुसरा पाठवला. गुरुजी आकडे मोठ्याने वाचू लागले, पण भिंतीपलीकडे पाहुण्यांचं भाषण चालू होतं, त्यामुळे मी अर्धे आकडे सत्याग्रहाच्या इतिहासातले लिहिले. तिसऱ्या वेळी गुरुजी म्हणाले, "लाइन कट होतेय. तुम्ही वहिनींच्याच फोनवर फोन करा, मी उचलतो."

मी केला. खूप महिन्यांनी त्या नंबरवर फोन लावला. गुरुजींनी उचलला.

"चंदूभाऊ," ते म्हणाले, "वहिनींनी तुमचा नंबर कोणत्या नावाने ठेवलाय, माहीत आहे?"

"कोणत्या?"

"'डावी सीट'."

दुकानात हवा भरायचं मशीन मोठ्याने चालू होतं, ते बरं झालं. किशोर म्हणाला, "काय झालं काका, आला का ओटीपी?" मी म्हटलं, "येतोय." आणि या खेपेला तो आलाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि गुरुजी. पाहुणे गेले होते, आणि मी एकटा घाट चढणार हे गुरुजींना पटत नव्हतं. "मी कौल, नवस मानत नाही," ते म्हणाले, "पण स्टेपनी मानतो. तपासली का?" गणू शेलार दारापर्यंत आले आणि त्यांनी गाडीला नारळ फोडला. प्रत्येक टायरखाली लिंबू ठेवलं. गाडी पुढे घेताना चौथं लिंबू चिरडण्याऐवजी गुरुजींच्या अंगणात उडालं. गणू शेलार म्हणाले, "बघा हां." नेमकं काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

पोलादपूरपर्यंत रस्ता चांगला. पुढे डोंगराचा रस्ता. मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो आणि गुरुजी डाव्या सीटवरून प्रत्येक वळणाचा कोन सांगत होते. नवे टायर रस्ता छान धरत होते. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. उंबरखोंड्याच्या खालच्या आंब्यापाशी बऱ्याच गाड्या ओळीने उभ्या होत्या, मुंबईकरांच्या. मी म्हटलं, "बघा, यांना वर न्यायचा धीर नाही." आणि पहिला गिअर टाकून मी वाडीच्या सिमेंटच्या चढणीला लागलो. वरच्या टोकाला सासूबाईंचं घर दिसत होतं. ओट्यावर त्या उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून.

चढणीच्या मधोमध गाडीने खालून "घर्रर्र" असा आवाज केला आणि थांबली. मी रेस दिली. चाकं फिरली, गाडी हलली नाही.

आम्ही उतरलो, वाकून पाहिलं. रस्त्याच्या मध्यभागी एक काळा दगड होता, वरून गुळगुळीत, शेंदूर लावलेला. गाडीचं पोट त्या दगडावर टेकलं होतं. पुढची दोन्ही चाकं सिमेंटला जेमतेम चिकटून होती.

"हा दगड रस्त्यात कसा?" मी म्हटलं.

"दगड रस्त्यात नाय, रस्ता दगडात हाय," वर कुंपणापाशी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली. "ती देवीची बैठक हाय, बाबा. पालखी घाटी चढून आली की इथं टेकते. रस्ता झाला तेव्हा इंजिनेर म्हनाला, फोडू. गाव म्हनालं, तू घरी जा. मग त्यानं भोवतीनं सिमेट ओतलं."

मी दगडाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गुरुजी वाकून अंतर बघत होते. त्यांनी करंगळी गाडीच्या पत्र्याखाली धरली आणि नखाकडे बघत राहिले.  मलाही दिसत होतं ते.

"आठ मिलिमीटर," मी म्हटलं.

"मी फक्त गणित केलं होतं," गुरुजी म्हणाले. "निर्णय तुमचा होता."

इतक्यात खालून खालूबाजा ऐकू आला.

पालखी येत होती. पुढे सनई आणि ढोल, मागे गुलालाने माखलेली पोरं, त्यांच्या खांद्यावर पालखी, आणि पालखीपुढे माझा मेहुणा हैबती, उंबरखोंडा मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात शिट्टी. पालखी वळणावरून वर आली आणि तिची बैठक माझ्या गाडीखाली होती.

बाजा थांबला. हैबतीच्या तोंडातून शिट्टी पडली.

"दाजी! इथं पार्किंग?"

"पार्किंग नाही, अडकलीय."

"आमी सगळ्या गाड्या खाली ठेवतो ना आंब्याखाली! तुमी वर कशाला आनली? पुरा प्रोग्राम लेट होतोय!"

"आईंनी सांगितलंय, गाडी दारात आली तर येईन," मी म्हटलं. एवढ्या लोकांसमोर ते बोलायचं नव्हतं मला, पण दुसरं काही सुचलं नाही.

 एकाने वर ओट्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी पाहिलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या.

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला, गाडी मागे ढकला. दुसरा म्हणाला, पालखीसमोरून मागे कसं जायचं, अपशकुन होईल. तिसरा म्हणाला, पालखी गाडीच्या टपावर टेकू या का, आणि त्याला चार जणांनी गप्प बसवलं. खांदेकरी पोरं पालखी खांद्यावर घेऊन उभी होती, बैठकीशिवाय ती दुसरीकडे कुठे टेकवता येत नव्हती. आणि मी, पंचायत समितीचा निवृत्त वरिष्ठ लिपिक, देवीच्या जागेवर बेकायदा अतिक्रमण करून मध्यभागी उभा. सेवेत असताना अशा लोकांना मी नोटिसा टाइप केल्या होत्या.

"कौल घ्या," मघाची म्हातारी म्हणाली. "तिची जागा हाय, तिलाच विचारा."

महादू गुरव पुढे झाला. पालखीतल्या देवीच्या मुखवट्यावर त्याने फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "झोलाई आई, जावयाची गाडी चुकून आलीय. मागं न्यायची का?"

सगळे बघत राहिले. डावी पडली.

"मागं नाय," गुरव म्हणाला. पाकळ्या पुन्हा लावल्या. "मग पुढं न्यायची का?"

खूप वेळ काहीच पडेना. खांदेकऱ्यांपैकी एकाचा पाय थरथरायला लागला. मग उजवी पडली.

"पुढं न्यायची ती कशी?" हैबती म्हणाला. "इंजिनाचं काम नाय ते."

तेव्हा वरून सासूबाई ओरडल्या. म्हातारीचा आवाज सबंध खोऱ्यात गेला. "अरे मेल्यांनो, पालखी नाचवता, गाडी उचलता येत नाय? गुरवा, विचार तिला!"

गुरवाने विचारलं. पाकळी लावता लावताच उजवी पडली. मला वाटतं गुरवाचा हात लागला. पण माझा खुलासा कोणी मागवला नाही.

बाकीच्या पोरांनी गाडीला वेढा घातला. मी बाजूला व्हायला लागलो तर हैबती म्हणाला, "दाजी, आत बसा. स्टेअरिंग कोन धरनार? ढळली म्हंजे?" गुरुजी मागे सरकत होते, तर गुलालातून एक जाड मिशीवाला पुढे आला. "गुरुजी, मला ओळखलं? नववीत तीनदा नापास झालो तुमच्या गणितात."

"पहिल्या बाकावरचा?"

"शेवटच्या. बसा आत, गुरुजी. आमी उचलतो. नापास होनार नाय."

आम्ही दोघे बसलो, काचा वर केल्या, आणि गाडी हवेत गेली.

नुसती उचलून पुढे ठेवली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण उचलल्याबरोबर खालूबाजा सुरू झाला, आणि बाजा सुरू झाल्यावर उंबरखोंड्याच्या पोरांच्या खांद्यावर जे काही असेल ते नाचतं. त्यांच्या हाताला दुसरी सवय नाही. गाडी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली. वायपर आपोआप चालू झाले, म्हणजे माझा हात लागला. मी हॉर्न वाजवला, मदतीसाठी, पण तो तालात बसला आणि खाली जल्लोष झाला. गुरुजी डॅशबोर्ड धरून म्हणत होते, "गुरुत्वमध्य! गुरुत्वमध्य सांभाळा रे!" आणि तो मिशीवाला खालून ओरडत होता, "होय गुरुजी!"

गाडी दगडापुढे टेकली. पालखी दगडावर टेकली. गुलाल उडाला, आणि माझी पांढरी गाडी आजही नीट पांढरी झालेली नाही.

मग मी तशीच, पहिल्या गिअरमध्ये, सासूबाईंच्या दारात नेली. अगदी ओट्याला लावली.

सासूबाई आरतीचं तबक घेऊन आल्या. आधी गाडीला ओवाळलं, मग मला. मग वाकता येत नसताना वाकल्या आणि पुढच्या चाकाकडे बारीक डोळे करून बघायला लागल्या.

"हे ते टायर न्हवं," त्या म्हणाल्या.

"नवे टाकले, आई."

"परयागचे मोठे होते. पहिल्या वर्षी गाडी आनली तेव्हा अशीच बैठकीवर बसली. पोरं उचलतो म्हनाली. हिनं हात लावू दिला नाय कुनाला. जॅक लावला, फळ्या घातल्या, दुपारभर घामाघूम झाली, स्वतःच काढली. दुसऱ्या वर्षी मोठे टायर टाकून आली नि दगडावरनं सुळ्ळकन गेली. म्हनाली, आये, आता कुनाला हाक मारायला नको."

 गॅरेजवाल्याने फसवलं असणार, असं मी म्हटलं होतं. तिला कोण फसवणार? इतर वेळी मी याच रस्त्याने डाव्या सीटवर बसून आलो होतो, आणि खाली दगड आहे हे मला कधी कळलंही नव्हतं.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "महाडला गेल्यावर बदलून घेतो."

सासूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "गाडी दारात आली ना?" त्या म्हणाल्या. "मग माझी पिशवी ठेवा. लोनच्याची बरनी उभी ठेवा, आडवी नको."

पालखी घरी आली, ओटी भरली, आणि ऊन कलायच्या आत आम्ही निघालो. खाली जाताना पुन्हा दगड. पोरं आधीच येऊन थांबली होती. या वेळी सासूबाई डाव्या सीटवर, मांडीवर देवीचा नारळ, आणि गुरुजी मागे लोणच्याच्या बरणीशेजारी.

"आय, खांद्यावरनं जायाचं नाय म्हनालीस ना?" हैबतीने काचेतून विचारलं.

"मी गाडीत बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "गाडी कशावर हाय ते गाडी बघून घेईल. नाचवा रे!"

आणि नाचवली.

खाली टेकल्यावर एक म्हातारे गृहस्थ काचेशी आले. वाडीचे मानकरी असावेत, डोक्याला लाल फेटा होता. "जावई, पुढच्या वर्षी येनार ना? मग पालखीच्या आधी, आज आली त्याच टायमाला गाडी आना. कौल झालाय. आता हा तुमचा मान." हैबतीने तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: दुपारी दोन वाजता दाजींची गाडी. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले. मधे कोणीतरी ट्रॅक्टरचं चित्र टाकलं, ते का, ते कळलं नाही.

घाट उतरताना सासूबाई मला सांगत होत्या, हळू घे, वळण आलंय, समोरून बस हाय, नाय ती झाडाची सावली हाय. मीही त्या सीटवर बसून हेच करायचो, हे मला पोलादपूर यायच्या सुमाराला आठवलं.

आता सासूबाई आमच्याकडे आहेत. सकाळी तीन कप चहा होतो. गणू शेलार रोज येतात, त्यांना एसटीच्या गोष्टी सांगतात, आणि सासूबाईंचा सगळ्या गोष्टींवर विश्वास बसतो, बोरघाटातल्या बसवरही. पहिल्या दिवशी कपाटात फोन वाजला तेव्हा त्यांनी विचारलं, "कुनाचा?" मी म्हटलं, "प्रयागचा." त्या म्हणाल्या, "मग उचला की." उचलला तर बँकेचा होता. कर्ज हवं का विचारत होते. सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि त्या मुलीला तिच्या आईवडिलांची खुशाली विचारली.

काल किशोरचाही फोन आला. "काका, ऑफर आहे. तुमचे एकशे पंचेचाळीसचे टायर चांगल्या भावात परत घेतो, एकशे पंचावन्न टाकून देतो. वर काय तो फरक द्या. परत असा भाव मिळणार नाही."

मी म्हटलं, "नको."

गुरुजी शेजारी बसून चहात साखर ढवळत होते. "का नको?" ते म्हणाले. "मोठे टाका. पुढच्या वर्षी दगड लागणार नाही."

"दगड लागला नाही तर उचलणार कोण?"

गुरुजींनी ढवळणं थांबवलं. जमिनीवर अजून थोडा खडू दिसत होता, आकडे पुसट झालेले. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"हे गणितात बसत नाही, चंदूभाऊ."

"नाही बसत," मी म्हटलं.

आतून सासूबाईंनी हाक मारली, तिसरा कप कोणाचा राहिलाय म्हणून.